हुंकाराविना छापलेली कविता

आमच्या घरात लेखक तिघं, आणि तिघंही कॅनडात. मोठा भाऊ कविता लिहितो, वहिनी कथा लिहिते आणि त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, नाटकं लिहिते. इथं सोलापुरात, जुळे सोलापूर नावाच्या नव्या वस्तीत, उरलो आम्ही दोघी, आई आणि मी. आम्ही काही लिहीत नाही. आमच्यावर लिहिलं जातं.

याची मला सवय झालीय असं मी म्हणणार नाही. मी आयुष्यभर वीजबिलाच्या खिडकीत बसले, लोकांची बोलणी खाल्ली आणि व्याजासकट परतही केली. लग्न केलं नाही, कारण करावंसं वाटलं नाही. आता यात लिहिण्यासारखं काय आहे? पण वहिनीच्या कथांत माझं लग्न दर वेळी नव्या कारणानं मोडतं. एकदा पत्रिकेत मंगळ निघाला. एकदा एका ट्रकमालकानं फसवलं. एकदा तर मी म्हाताऱ्या आईबापांसाठी त्याग केला, आणि ते वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग आपल्यालाच बनवलं म्हणून राग आला तो वेगळा. भाचीच्या नाटकात मी आत्या म्हणूनच येते, कमरेवर हात ठेवून, आणि मी आले की तिकडचे लोक खो खो हसतात. तिनं त्याचा व्हिडिओ पाठवला होता. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. एवढं हसण्यासारखं काय आहे, ते मला शोधायचं होतं.

मला खरं कुतूहल वाटतं ते दादाचं. इथं होता तोवर या माणसानं कवितेची एक ओळ लिहिली नाही. शुक्रवार पेठेत आमचं भाड्याचं घर होतं, दोन खोल्यांचं. तिथं तो अभ्यास करायचा, जेवायचा, झोपायचा. तिकडं जाऊन वर्ष झालं नसेल, तर पेठेतल्या नळाच्या रांगेवर कविता! मी फोनवर विचारलं, "दादा, तू नळावर कधी आलास रे? घागरी तर मी आणायचे."

"खिडकीतून बघायचो की," तो म्हणाला.

बघत होता म्हणजे! आणि आम्हाला वाटायचं पोरगा अभ्यास करतोय. तेव्हापासून मला राहून राहून वाटतं, अजून काय काय बघून गेलाय हा? तिकडं गुडघाभर बर्फ, पण यांच्या लिखाणात बारा महिने आमचा उन्हाळा. एवढं ऊन लागतं तर येऊन खा की, असं मी कितीदा म्हटलं. त्यावर तिघंही हसतात आणि विषय बदलतात.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. आई माढ्याकडच्या एका खेड्यातली. तिचे आजोबा ज्वारी खळ्यावर आली की राखणीला जायचे आणि पोरांना गोष्टी सांगायचे. अट एकच. ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. सांगणाऱ्यानं थांबलं की ऐकणाऱ्यानं 'हूं' म्हणायचं, मग पुढचं वाक्य. हुंकार नाही आला तर गोष्ट तिथंच संपली, उठा आणि झोपा. आईनं ही रीत पेठेत आणली आणि आम्ही दोघं तिच्यावरच वाढलो.

दादानं पहिली कविता फोनवर वाचून दाखवली तेव्हा आईनं सवयीनं प्रत्येक ओळीला हूं दिला. एका ओळीला मात्र दिला नाही. दादा थांबला. आई गप्पच. त्यानं पुन्हा वाचली, आई पुन्हा गप्प. शेवटी त्यानं ती ओळ खोडली आणि म्हणे कविता एकदम सुधारली. झालं! तेव्हापासून कायदाच झाला. रविवारी सकाळी आमच्याकडं चहा होतो, तिकडं शनिवारची जेवणं झालेली असतात, आणि तिघं आळीपाळीनं वाचायला बसतात. आई फोन पोह्यांच्या डब्याला टेकवून पुढ्यात बसते. जिथं हूं येत नाही ते काढायचं. हुंकाराशिवाय काहीही छापायला पाठवायचं नाही, बसवायलाही घ्यायचं नाही. भाचीला मराठी अर्धंमुर्धंच येतं, तरी ती नाटकातली इंग्रजी वाक्यं मराठीत करून आजीला ऐकवते. आई शाळेत चौथीच्या पुढं गेली नाही. पण या तिघांची पुस्तकं तिच्या 'हूं'वर उभी आहेत, हे मी लिहून देते.

त्या हूंचेही प्रकार आहेत. आखूड हूं म्हणजे कळलं, चल पुढं. लांबलेला हूं म्हणजे आवडलं. नाकातून आलेला हूं म्हणजे हे तू कुठंतरी वाचलंयस. मी शेजारी बसून सगळे प्रकार ओळखायला शिकले, पण कुणाला फोड करून सांगितली नाही. माझं लग्न मोडतं तिथं आई नेहमी आखूड हूं देते. एवढी एक गोष्ट मला तिची कधी पटली नाही.

वाचन संपलं की फोन ठेवायच्या आधी आई एकच शब्द विचारायची.

"यंदा?"

"बघू आई," दादा म्हणायचा.

या एका शब्दामागचं सांगायला हवं. बाबा गेले तेव्हा दादा तिसऱ्या दिवशी पोचला. विमान चुकलं, पुढं मुंबईहून गाडी मिळेना, काय काय झालं. आम्ही सगळे अस्थी घेऊन नदीवर गेलो होतो आणि फ्लॅटला कुलूप होतं. परत आलो तर हा जिन्याच्या पायरीवर, बॅग मांडीवर घेऊन बसलेला. तळमजल्यावरच्या चाचीनं त्याला पाहिलं होतं. "कायकू बैठे बेटा हितं? चलो, चाय पिव," असं म्हणत ती त्याला घरात नेऊ बघत होती आणि हा हलत नव्हता. कुलपाकडं बघत बसला होता नुसता. त्यानंतर दादा सोलापूरला आलेला नाही. एक वर्षी रजा नाही, एक वर्षी लॉकडाऊन, मग वहिनीचा गुडघा, मग तिकिटं महाग. कारणं सगळी खरी होती. पण खऱ्या कारणांची एवढी लांब माळ कुणाकडं असते का?

आईला हवं होतं ते इतकंच. त्यानं एकदा यावं. तिनं तोंडानं कधी 'ये' म्हटलं नाही. तिचा स्वभावच नाही तो. 'यंदा?' म्हणायची, 'बघू' ऐकायची, आणि पोह्यांचा डबा उचलून आत ठेवायची.

गेल्याच्या गेल्या दिवाळीतली गोष्ट. पाडव्याच्या दिवशी सकाळी मी न्हाऊन केस पुसत होते. बेल वाजली आणि आईनं दार उघडलं. बाहेरून एक किंकाळी ऐकू आली. मी तशीच ओले केस घेऊन धावले. दारात शुक्रवार पेठेतले आमचे जुने शेजारी उभे, निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको. मास्तरांनी भिंत धरलेली. मास्तरणीच्या हातात फडक्यात बांधलेलं पातेलं, आणि तोंडाचा आ मिटायला तयार नाही.

आई म्हणाली, "अगं, ये की आत. वराडलीस काय म्हून? काय आणलंस?"

"पिठलं," मास्तरीणबाई कशाबशा म्हणाल्या. "पिठलं-भाकरी."

"दिवाळीचं पिठलं?"

मला काही कळेना. पिठलं-भाकरी आमच्याकडं सुतकाच्या घरी नेतात, तिथं चूल पेटत नाही म्हणून. मी मास्तरांना बसवलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून एक दिवाळी अंक काढला आणि दादाची कविता माझ्यापुढं धरली. मी उभ्या उभ्या वाचली. परदेशातल्या मुलाला कळतं की आई अत्यवस्थ आहे. तो निघतो. विमानात असतानाच आई जाते. तिच्याजवळ त्या वेळी कुणीही नसतं. तो पोचतो तेव्हा दाराला कुलूप.

मास्तर घाम पुसत म्हणाले, "आम्हाला वाटलं, दोन-चार दिवसांतच झालं असणार. कळवलं पण नाहीस म्हणून ही रात्रभर रडली."

अंक छापायला महिने लागतात हे त्या दोघांना कोण सांगणार! आणि चूक तरी त्यांची कशी म्हणू? आमच्या दादाच्या कविता म्हणजे आमच्या घरचं वर्तमानपत्र, हे सगळ्या पेठेला माहीत. मी एकदा जिन्यात पडले तेही त्यांना कवितेतूनच कळलं होतं.

आई मात्र चटईवर बसून पातेल्यावरचं झाकण काढत होती. "काय लिवलंय त्यात?"

 शेवटी मीच सांगितलं, "तू गेलीस असं लिहिलंय."

"कशानं?"

"ते नाही लिहिलेलं."

"कवितेत माणूस कशानं मेलं ते लिवत न्हाईत व्हय?" तिला खरंच नवल वाटलं होतं. मास्तरांनी चष्मा लावून अंक उघडला. आईला म्हणाले, "वाचून दाखवतो, वहिनी." तिनं हात वर केला. "तुमी नगा. ज्यानं लिवलंय त्यो वाचंल." मग जरा थांबून मला विचारलं, "त्यो कुटं हुता तवा?"

"विमानात."

 भाकरीचा तुकडा मोडून पिठलं खाल्लं. मास्तरीणबाईंना म्हणाली, "माझ्या मरणाचं पिठलं झ्याक झालंय बघ." तेव्हा कुठं त्या माउलीच्या जिवात जीव आला आणि आम्ही सगळे हसलो. मास्तर तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जाताना त्यांना चिवडा आणि करंज्या बांधून दिल्या. दारात मास्तरीणबाईंनी मुद्दाम मोठ्यानं "येते हं," म्हटलं, कारण दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत.

ती मंडळी गेली आणि आई खिडकीशी जाऊन बसली. मी भांडी आवरत होते. मागून आवाज आला.

"त्याचं रडून झालं की गं. आता कशाला यील त्यो?"

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मला रागच यायला हवा होता, आणि आलाही होता, पण तो माझा वेगळाच होता. वहिनीच्या कथेत मी निदान असते. भाचीच्या नाटकात लोक मला हसतात, पण मी असते. या कवितेत मात्र मी औषधालाही नव्हते. आईजवळ कुणीही नव्हतं म्हणे! मग मी कुठं गेले होते, दळण आणायला? मला ते लई लागलं. पण आईचं बोलणं ऐकल्यावर माझं मी गिळलं. ती स्वतःच्या मरणावर रागावली नव्हती. मुलाचं दुःख कागदावर करून संपलं आणि आता तो यायचा नाही, एवढीच भीती तिच्या पोटात बसली होती.

रविवार आला. मी दादाला आधीच निरोप धाडला होता, सगळा, पिठल्यासकट. फोन लागला तर तिघंही शाळेतून नाव काढल्यासारखी बसलेली.

"आई," दादा म्हणाला, "कविता आहे ती. खरं नसतं ते."

"मला ठावं हाय. मी मेले असते तर मला कळलं असतं की."

भाचीला हसू फुटलं. वहिनीनं तिला कोपरानं ढोसलं.

"मग रागावलीस का?"

"हूं कुणाचा घेतलास?"

 खरं म्हणजे तिथंच तो सापडला होता. आयुष्यात एकच कविता त्यानं हुंकाराशिवाय छापली, आणि ती हीच.

"आई, ही तुला कशी वाचून दाखवणार होतो मी?" तो हळूच म्हणाला. "तू हूं म्हणणार आणि मी पुढची ओळ वाचणार? तुझ्याच..." 

"मंग लिवायची न्हाई. लिवलीस तर वाचायची."

"वाचतो. आत्ता वाचतो."

"फोनवर न्हाई. मरणाचं समोर बसून सांगत्यात. हितं येऊन वाच." तिनं पोह्यांचा डबा हातात घेतला. फोन आडवा झाला आणि तिकडच्यांना बहुतेक आमचं छत दिसत असावं. "तवर माझं हूं बंद. तिघांचंबी."

आणि खरंच बंद केलं हो! बाईचा निश्चय म्हणजे काय, ते त्या हिवाळ्यात पाहावं. रविवारी फोनसमोर बसायची, जेवलात का विचारायची, बर्फ किती पडलं विचारायची, भाचीची हाडं दिसतात म्हणून वहिनीला बोलायची. पण कुणी कागद हातात घेतला की ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायची. वहिनी एका कथेच्या ऐन मध्यावर अडकली होती. त्यातही मीच होते आणि या वेळी म्हणे माझं लग्न होणार होतं. पुढं काय होतं याची मलाच उत्सुकता लागली होती, पण आई हूं म्हणेल तर ना! भाचीचा शेवटचा प्रवेश लटकला. वहिनीनं एकदा गुपचूप मला फोन केला.

"तुम्ही देता का हुंकार? मधेच अडकलेय."

मी दिला. दोन परिच्छेद झाल्यावर वहिनी थांबली. "वन्सं, राहू दे. तुमचं हूं ऐकलं की बिल थकल्यासारखं वाटतं."

भाची वेगळीच. ती म्हणाली, "आत्या, आजी संपावर गेलीय. यावर मी नाटक लिहू?"

"लिही. हुंकार कोण देणार?"

"ओह," ती म्हणाली.

मला मात्र एक गोष्ट चैन पडू देईना. माणूस जित्या आईचं मरण लिहायला बसतो, ते का? वाईट चिंतलं म्हणावं, तर दादा तसला नाही. नाव व्हावं म्हणून म्हणावं, तर तो तेवढा हुशारही नाही. शेवटी मी त्याला एकट्याला गाठलं आणि बिलाच्या खिडकीतून विचारावं तसं सरळ विचारलं.

तो म्हणाला, "भीती वाटते गं. रोज वाटते. फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं की आधी हात गार पडतो. वाटलं, एकदा लिहून टाकावं. झालंच असं समजावं. मग खरं होईल तेव्हा कमी लागेल."

"मग? झालं कमी?"

"नाही. उलट वाढलं."

"आणि इकडं यायचं का नाही?"

 तो म्हणाला, "ते दार बघवत नाही मला."

मला त्याची फार दया आली. हे मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, "दार आहे ते. रंग दिलाय गेल्या वर्षी. आणि कवितेत मी कुठं आहे रे? तुझ्या आईला रोज गोळ्या कोण देतं, पेठेतले मास्तर?"

"तू..." तो म्हणाला. "तू आहेस हे मी धरूनच चालतो."

"तेच तर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी मी पोटभर रडले, आणि मग ज्वारी निवडायला घेतली.

संक्रांत झाली. नंतरच्या एका रविवारी आईनं सवयीनं विचारलं, "यंदा?" आणि दादा म्हणाला, "तिकीट काढलंय." आईनं आखूड हूं दिला. एवढ्या दिवसांनी पहिला! तिकडं वहिनीनं लगेच कागद उचलला, पण आई म्हणाली, "हे त्याच्या तिकिटाला हुतं. गोष्टीला न्हाई."

तो यायच्या दिवशी आईनं सकाळी उठल्या उठल्या दार उघडलं आणि मधे उखळ लावून ठेवलं.

"आई, डास येतील," मी म्हटलं. "मांजर येईल. त्याला अजून दुपार होईल पुण्याहून यायला."

"यिऊ देत. दार लावायचं न्हाई आज."

तिला कविता कुणी वाचून दाखवली नव्हती. कुलपाचं मी मास्तरांसमोर बोललेही नव्हते. पण जिन्यावर बॅग मांडीवर घेऊन बसलेला मुलगा तिनंही पाहिला होता. ती दारासमोर खुर्ची टाकून बसली. जेवायलाही उठली नाही, ताट तिथंच मागितलं. येणारे-जाणारे आत डोकावून विचारत होते, काय आजी, कुणाची वाट? ती म्हणत होती, "वारा येतुया म्हून बसले." फेब्रुवारीतलं सोलापूर आणि वारा! 

उन्हं कलायला लागली तेव्हा खालून चाचीची हाक आली, "आगया देखो तुम्हारा कवी!" मग जिन्यावर बॅगेची चाकं आपटत वर येताना ऐकू आली. चाकं मधल्या वळणावर थांबली. बराच वेळ थांबली. मी उठणार होते, पण आईनं माझ्या मनगटाला धरलं.

चाकं पुन्हा आपटू लागली. दादा वर आला, केस पांढरे झालेले, खांदे बाबांसारखे उतरलेले. उघड्या दाराकडं आणि दारात बसलेल्या आईकडं बघत तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"चप्पल काड आन आत ये," आई म्हणाली. "च्या गार व्हाया लागलाय."

चहा अजून टाकलाच नव्हता. मी पळत आत गेले, आणि आत जाऊनच डोळे पुसले.

कविता वाचायला तिनं घाई केली नाही. त्याला आंघोळ करू दिली, जेवू घातलं. भाकरी, वांगं आणि पाट्यावर वाटलेली शेंगाची चटणी. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पोह्यांचा डबा मांडला, त्याला फोन टेकवला, फोनमध्ये वहिनी आणि भाची. दादा चटईवर आईच्या समोर बसला.  मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, कमरेवर हात ठेवून. भाचीनं फोनमधून मला पाहिलं आणि हसली.

दादानं कागद धरला. 

"फोन आला तेव्हा इकडं बर्फ पडत होतं."

"हूं."

"मी बॅगेत काय भरलं ते आठवत नाही."

"हूं."

"दाराशी तुझ्या चपला तशाच होत्या म्हणे, एक सरळ, एक उलटी."

आई गप्प. दादानं मान वर केली.

"माझी चप्पल कदी उलटी नसती," ती म्हणाली. "घरात भांडणं लागत्यात."

दादानं खिशातून पेन काढलं आणि ओळ खोडली. वाचत गेला, ती हूं देत गेली. मधे एकदा लांब हूं आला, तो विमानाच्या खिडकीतल्या ढगांना. मला तिथं काही विशेष वाटलं नव्हतं. मग ती ओळ आली.

"तुझ्याजवळ तेव्हा कुणीही नव्हतं."

हूं आला नाही. आईनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं, मग दादाकडं. "आन ही कुटं गेली?"

दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याच्याकडं बघवेना. त्यानं ओळ खोडली, एकदा नव्हे, पार कागद फाटेपर्यंत. मी म्हटलं, "पुरे की, टेबल खोडशील," आणि खाली टेबल नव्हतंच, मांडी होती.

आता शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

"मी पोचलो तेव्हा दाराला कुलूप होतं."

आईनं उघड्या दाराकडं पाहिलं. ते दोन दिवस आम्ही दार लावलंच नव्हतं. तिनं हूं दिला नाही. दादानं ती ओळ खोडली, आणि खोडताना रडला.

शेवटची ओळ वाचायला त्याला बराच वेळ लागला. वहिनीनं तिकडं तोंडाला पदर लावला होता.

"आणि आई गेली होती."

आई गप्प होती. दादा थांबला. आम्ही सगळेच थांबलो. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, चाचीनं कुणाला तरी हाक मारली, आणि तरी आई काही बोलेना. तिच्या मांडीवरचे हात शांत होते. शेवटी दादानंच पेन उचललं.

"हीपण काढू का, आई?"

"नगं. ती खरी हाय. आज न्हाई तर उद्या, व्हायचीच हाय." तिनं हात पुढं करून त्याच्या गालावरचं पाणी पुसलं, लहानपणी नाक पुसायची तसं, जरा जोरातच. "पर तिला हूं मी आज म्हनायची न्हाई. पुढल्या साली ये. हितं बसून परत वाच. मंग बघू."

दादानं पेन खाली ठेवलं. कागदाची घडी घातली. आमच्या घरात हूं नेहमी आईचा असायचा. पेठेतल्या लहानपणच्या गोष्टी सरल्यापासून दादाला मी कुणाला हुंकार देताना ऐकलं नव्हतं.

"हूं," तो म्हणाला.